रिकामी दिसलेली डिस्क

२१ जानेवारी

डेटाबेस पॅकेजच्या मेंटेनरांस,

नमस्कार वगैरे गाळते.

मी एका रुग्णालयाच्या रक्तपेढीतले संगणक सांभाळते. परवा सकाळी आमच्या इमारतीची वीज गेली, बॅटरीनेही मान टाकली आणि सर्व्हर बंद पडला. वीज आल्यावर तो आपोआप उठला. त्यात दोन डिस्क आहेत. एकीवर सर्व्हर चालवणारं लिनक्स आणि तुमचं डेटाबेसचं पॅकेज, दुसरीवर रक्तपेढीची सगळी माहिती: रक्त कोणी दिलं, गट कोणता, कोणती पिशवी कुठल्या फ्रीजमध्ये आहे, कोणत्या रुग्णाला काय चालत नाही.

त्या दिवशी दुसरी डिस्क जागी व्हायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात तुमच्या स्क्रिप्टने, म्हणजे सर्व्हर उठला की डेटाबेस सुरू करणाऱ्या त्या फाइलने, माहितीच्या जागी डोकावून पाहिलं. तिला तिथे काही दिसलं नाही. अशा वेळी कोणीही थांबेल, हाक मारेल, निदान चुकचुकेल तरी. तुमच्या स्क्रिप्टने तिथल्या तिथे कोरा करकरीत डेटाबेस मांडला आणि ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळी झाली.

काउंटरवरच्या मुलींना वाटलं, जुनी यादी दिसेल थोड्या वेळाने. समोर रक्तदात्यांची रांग होती. त्या बिचाऱ्या नोंदी करत राहिल्या. कोऱ्या डेटाबेसने पिशव्यांना नंबर द्यायला या वर्षाच्या पहिल्या नंबरापासून सुरुवात केली. वर्ष नुकतंच सुरू झालंय, त्यामुळे त्या नंबरांच्या आधीच्या पिशव्या अजून फ्रीजमध्येच होत्या. मी पोचले, सर्व्हर पुन्हा चालू केला, तर आता डिस्क जागी होती. जुनी माहिती परत आली आणि सकाळची सगळी गायब झाली.

एका ऑपरेशनसाठी पिशवी काढताना लॅबमधल्या तंत्रज्ञाने दोन पिशव्या माझ्यासमोर धरल्या. “मॅडम, एकच नंबर दोन्हींवर कसा?” एक एका गटाची होती, दुसरी दुसऱ्या. मग काय, सकाळच्या सगळ्या पिशव्या बाजूला काढून नव्याने तपासल्या. ऑपरेशन संध्याकाळवर गेलं. ज्यांचं ऑपरेशन होतं त्या बाई वाचल्या. त्यात तुमचा काही हात नाही.

स्क्रिप्टमधला तो भाग काढून टाका.

पॅकेजच्या खाली मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारा, म्हणून ज्याचं नाव आहे तो माझ्या ओळखीचा होता. त्यामुळे पत्र याहून सौम्य करणं जमलं नाही.

— रक्तपेढीतली सिस्टिमवाली


२३ जानेवारी

ताई,

सही केली नाहीत तरी ओळखलं. असं फक्त तुम्हीच बोलता.

तक्रार वाचली आणि बंद केली. दुसरी डिस्क जोडली गेल्याशिवाय डेटाबेस सुरू करू नकोस, असं सर्व्हरला सांगून ठेवावं लागतं. एका ओळीचं काम आहे. ती ओळ तुम्ही लिहिली नव्हती. हा दोष मांडणीचा आहे, पॅकेजचा नाही. ही स्क्रिप्ट इतकी वर्षं कुठे कुठे चालते आहे, आजवर कोणाचं काही अडलेलं नाही.

आणखी एक. हे काम मी पगारावर करत नाही. दिवसभर कॉलेजात पोरांना शिकवतो, उरलेल्या वेळात पॅकेज बघतो. नोकरावर ओरडल्यासारखं माझ्यावर ओरडू नका. पुढची तक्रार सगळ्यांसाठी तक्रारींची जी जाहीर यादी आहे तिच्यावर टाका, माझ्या खासगी पत्त्यावर नको.

सात वर्षांनी तुमचं पहिलं पत्र आलं. त्यात नमस्कार गाळलात. उरलेलंही गाळता आलं असतं.

— मेंटेनर


२४ जानेवारी

मास्तर,

‘तुम्ही’ पुरे झालं. तू माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून चहा प्यायचास, तेव्हा मी तुला ‘तू’च म्हणायचे.

ती ओळ मी लिहिली नव्हती, कबूल. त्याच दिवशी दुपारी लिहिली. पण मी दाराला कडी घालायला विसरले म्हणून कोणी आत शिरून नवा संसार थाटावा? कडी नव्हती हा माझा गलथानपणा. संसार थाटला हे तुझ्या स्क्रिप्टचं काम.

तशी ती तुझी जुनी खोड आहे म्हणा. घर रिकामं दिसलं की वर्षाच्या आत नवं मांडायचं. आधी तिथे कोण होतं, त्यांची माणसं कुठे आहेत, काही विचारायचं नाही. धाकटी गेली, आणि तू लग्न केलंस हे मला तिसऱ्याच माणसाने सांगितलं. आईला भाजीवालीकडून कळलं. पिशवी तिथेच टाकून घरी आली.

माझ्यावर इथे चौकशी बसली आहे. तिघांची समिती आहे आणि प्रमुख सर्जन आहेत. त्यांच्या मते संगणक म्हणजे फ्रीजच, फक्त थंड होत नाही. मी त्यांना काय सांगू? पॅकेज माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं आहे आणि तो तक्रार न वाचताच बंद करतो?

दुरुस्ती मीच करून सोबत जोडली आहे. माहितीची जागा रिकामी दिसली तर स्क्रिप्ट अर्धा मिनिट थांबेल, पुन्हा बघेल, मग काय ते करेल. हा पॅच घे आणि लाव. आणि ज्या बावळटाने मूळ ओळी लिहिल्या त्याला माझ्या फ्रीजसमोर एक दिवस उभा कर. हातात एकाच नंबरच्या दोन पिशव्या देते, म्हणते, सांग आता यातली कुठली देऊ.

— धाकटीची मोठी बहीण


२ फेब्रुवारी

ताई,

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुम्ही त्या शब्दावर फार जोर दिलात, म्हणून सांगतो.

तो बावळट म्हणजे धाकटी.

पॅकेज आम्ही दोघं सांभाळायचो, एवढं तुम्हाला माहीत होतं. सुरू करणारी स्क्रिप्ट पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत तिची आहे. तेव्हा लोक पॅकेज घ्यायचे, डेटाबेस चालू व्हायचा नाही, मग तिला पत्रं लिहायचे. माहितीची जागा आधी हाताने मांडावी लागते हे कोणाच्या लक्षातच यायचं नाही. एकदा कुठल्याशा दवाखान्यातल्या कारकुनाचा फोन आला. तासभर धडपडून बिचारा रडकुंडीला आला होता. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “पहिल्या दिवशी माणसाला इतकं घाबरवायचं? स्वतःच मांडून घेऊ दे की.” आणि त्याच बैठकीत त्या ओळी लिहिल्या. त्यानंतर ती पत्रं थांबली.

तुमचा पॅच मी घेणार नाही. फाइल नव्याने लिहिली की वरचं नाव बदलतं, असा आमच्याकडे रिवाज आहे. ते नाव मी बदलणार नाही. तुम्ही तुमच्या सर्व्हरवर हवं ते करा.

संसार थाटण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याला उत्तर देत नाही. द्यायची माझी तयारी नाही आणि ऐकायची तुमची.

— मेंटेनर


३ फेब्रुवारी

तुला लाज कशी वाटत नाही?

अंगावर आलं की मेलेल्या माणसाकडे बोट दाखवायचं. ती उठून सांगायला येणार नाही, हे तुला पक्कं ठाऊक आहे. धाकटी असलं लिहिणारच नाही. गॅस बंद केलाय का हे बघायला जिन्यावरून तीनदा परत जायची ती. आणि म्हणे समोर काय आहे हे न बघता कोरा डेटाबेस मांडेल! आठ दिवस बसून तुला एवढंच सुचलं?

तुमच्या पॅकेजांवर देखरेख करणारं एक मंडळ आहे, हे मला माहीत आहे. तुझ्या हातून हे पॅकेज काढून घ्या, असं त्यांना लिहिणार आहे. सोबत दोन्ही पिशव्यांचे फोटो जोडणार, आणि तू बंद केलेली तक्रारही. मग बस तुझ्या रिवाजाला कवटाळून.

माझी नोकरी जाईल किंवा राहील. तुझं नाव मात्र मी राहू देणार नाही.


११ फेब्रुवारी

तुम्हाला काय म्हणावं मला कळत नाही. ‘ताई’ म्हणायचा हक्क माझा नाही, म्हणून नुसतीच सुरुवात करते.

जिच्यामुळे तुम्ही आमच्या घरी येणं सोडलंत ती मी. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. संगणकातलं मला फारसं कळत नाही. हे पत्र मी तुमची बाजू घ्यायला लिहीत नाहीये. तुम्ही यांना जे लिहिता ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तरी लिहिते, कारण तुमच्या पत्रांत एक गोष्ट बरोबर आहे आणि एक साफ चूक.

चूक ही: स्क्रिप्ट तुमच्या बहिणीचीच आहे. हे खोटं बोलले नाहीत. तुम्हाला संगणकातलं कळतं. कुठली ओळ कोणी लिहिली हा फाइलचा इतिहास बघता येतो म्हणतात, तो बघा.

बरोबर हे की ती बदलायला हवी. ‘आजवर कोणाचं काही अडलेलं नाही’ असं यांनी तुम्हाला लिहिलं, ते खोटं आहे. आधी एका शाळेच्या निकालांचं असंच झालं होतं. नंतर एका बंदराच्या कचेरीचं. दोघांनी यांना लिहिलं. यांनी दोन्ही तक्रारी बंद केल्या आणि तो आठवडा माझ्याशी धड बोलले नाहीत. तुमची तिसरी.

पॅकेजची नवीन आवृत्ती निघाली की हे आजूबाजूचं सगळं साफ करतात, ही एक फाइल न उघडता पुढे ढकलतात. मी आले तेव्हा या घरात तुमच्या बहिणीचं काहीच नव्हतं. कपडे, पुस्तकं, खुर्चीसुद्धा, सगळं महिन्याभरात वाटून टाकलेलं. मला वाटलं, काय कोरडा माणूस आहे. मग हळूहळू समजलं की एक वस्तू ठेवलेली आहे. ती कपाटात असती तर मी कधीतरी हातात घेऊन बघितली असती, वाटलं असतं तर भांडलेही असते. ती हजारो यंत्रांत रोज सकाळी सुरू होते. तिच्याशी मी भांडू कशी?

तुम्ही भांडू शकता. पण मंडळाची धमकी देऊन नको. त्याने हे आणखी घट्ट मिटतात. मी आत लावलेल्या दाराबाहेर पुष्कळ उभी राहिले आहे, म्हणून सांगते.

आणि लग्नाबद्दल. मीच कळवू दिलं नाही, असं तुमच्याकडे धरून चालतात, असं कानावर आलं. मी म्हणाले होते, आधी त्यांच्या आईला आणि बहिणीला सांगा, मग तारीख काढू. हे भ्याले. ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं, आजही नाही.

हे पत्र लिहिल्याचं मी यांना सांगितलं आहे. चोरून काही करत नाही.


१४ फेब्रुवारी

मास्तर,

फाइलचा इतिहास बघितला. तिचंच नाव आहे. माफी मागत नाही, कारण तू दुसरं खोटं बोललास आणि ते जास्त वाईट होतं. शाळेच्या पोरांचे निकाल गेले, तुला कळलं, तू गप्प बसलास. तेव्हाच दुरुस्त केलं असतंस तर माझ्या तंत्रज्ञाच्या हातात त्या दोन पिशव्या आल्या नसत्या. यावर काहीतरी सारवासारव सुचत असेल तर लिहू नकोस.

आता ऐक. धाकटी पहिल्या नोकरीत असताना माझ्याकडे राहायची. एकदा संध्याकाळी कसलासा जुना प्रोग्राम उघडून बसली होती. बडबडत होती, “कुठल्या येड्याने लिहिलंय हे? तारीखच तपासलेली नाही. ह्याला कामावर घेतलं कोणी?” मी म्हटलं, बघ तरी कोण ते. तिने बघितलं. स्वतःचंच नाव. इतकी हसली, इतकी हसली की उचकी लागली. मी पाणी आणून दिलं तर तेही नाकातून आलं. मग डोळे पुसले आणि सगळं खोडून नव्याने लिहायला बसली. मी जेवायला वाढलं तर म्हणाली, थांब गं, या बयेची आधी हजामत करते.

ती अशी होती. तू तिचा पुतळा केलास. तोही असा की कोणी जवळून गेलं की त्याच्या अंगावर पडतो. तिचं नाव राहावं म्हणून तू शाळा बुडू दिलीस, बंदर बुडू दिलंस, माझ्याकडे ऑपरेशनची तयारी झालेली एक बाई रक्तावाचून पडून होती. तिच्या नावावर हे चढवायचा हक्क तुला कोणी दिला? लोक त्या ओळी वाचून तिला शिव्या देतात. मी स्वतः दिली. तिला बावळट म्हणायला तू मला लावलंस, हे मी विसरणार नाही.

मंडळाला लिहिलेलं पत्र अजून पाठवलेलं नाही. पाठवणार नाही असंही म्हणत नाही. समिती अठ्ठावीस तारखेला निकाल देणार आहे. ‘पुन्हा होणार नाही’ हे दाखवा, नाहीतर सामान आवरा, असं सरळ सांगितलंय. माझ्या एका सर्व्हरपुरता मी बंदोबस्त करू शकते. पण उद्या दुसऱ्या एखाद्या रक्तपेढीत डिस्कला डुलकी लागली तर? तिथे लॅबमधला माणूस पिशव्या समोर धरेलच असं नाही.

तुझ्या घरातून पत्र आलं. ते मी तुझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन वाचलं असेन.


२० फेब्रुवारी

ताई,

तुमचा पॅच वाचला. चुकीचा आहे.

अर्धा मिनिट थांबून पुन्हा बघायचं म्हणता. डिस्कला एक मिनिट लागलं तर? थांबून मांडणं हेही मांडणंच. शिवाय नवीन डिस्क पूर्ण रिकामी नसते. लिनक्स तिच्यावर स्वतःचं एक फोल्डर ठेवतं, ते तुम्ही धरलंच नाहीत. इतक्या वर्षांच्या अनुभवी बाईकडून ही अपेक्षा नव्हती.

बरोबर उपाय असा. माहितीची जागा एकदाच मांडायची, पॅकेज पहिल्यांदा बसवताना, माणूस समोर असताना, आणि तिथे आपली खूण म्हणून एक छोटी फाइल ठेवायची. म्हणजे धाकटीला ज्या कारकुनाची दया आली होती तो आजही अडणार नाही. त्यानंतर सुरू करणाऱ्या स्क्रिप्टने काहीही मांडायचं नाही. आपली खूण दिसली तर सुरू करायचं. नाही दिसली तर थांबायचं आणि ओरडायचं. हे मी लिहिलं. सोबत आहे. अठ्ठावीसच्या आधी तुमच्याकडे तपासून बघा. मी वीज घालवून बघितलं नाही, इथे तशी सोय नाही.

फाइल रविवारी सकाळी उघडली. ही शेजारच्या खुर्चीत बसली होती, तिचं काहीतरी शिवत. मला वाटत होतं, फाइलच्या आत गेलो की धाकटीचा आवाज ऐकू येईल. नाही आला. ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ होती. एक ओळ दोनदा आली होती. वीस मिनिटांत काम संपलं. इतकी वर्षं मी कशाला घाबरलो होतो हे त्या वीस मिनिटांत कुठेच सापडलं नाही. नंतर मात्र कॉलेजात शिकवता शिकवता खडू खाली ठेवला. पोरांना सोडून दिलं.

शाळेला आणि बंदराच्या कचेरीला मी लिहिलं आहे. शाळेचं उत्तर आलं. तुमचं पत्र त्यापुढे मवाळ म्हणायचं. मंडळालाही मीच कळवलं, तुम्ही तसदी घेऊ नका. मी नकोसा असेन तर ते ठरवतील.

लग्नाचं कळवायला हवं होतं. आईंना भाजीवालीकडून कळलं हे मला माहीत नव्हतं. त्यावर सारवासारव सुचत नाही.

फाइलवर तिचं नाव ठेवलं आहे, आधीच्या वर्षांसह. दुरुस्ती तुमच्या तक्रारीतून झाली, म्हणून त्याखाली तुमचं घातलं आहे. माझं नाही.

— मेंटेनर


१ मार्च

मास्तर,

आधी तुझी चूक. ती खूण तू फक्त असल्या-नसल्याची तपासलीस, वाचता येते की नाही हे बघितलं नाहीस. डिस्क अर्धवट जागी झाली तर तुझी स्क्रिप्ट ना सुरू होते ना ओरडते, नुसती घुम्यासारखी बसून राहते. ते मी दुरुस्त करून सोबत धाडलंय. अनुभवी बाईकडून.

काल समिती बसली. मी त्यांना सर्व्हरच्या खोलीत नेलं आणि म्हटलं, तुमच्या डोळ्यांदेखत करते. माहितीच्या डिस्कची केबल काढली आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. पंखे फिरले, दिवे लागले. पडद्यावर लिनक्सच्या ओळी धावल्या आणि डेटाबेसपाशी येऊन थांबल्या. तिथे तुझं वाक्य आलं: ‘माहितीची जागा रिकामी दिसते आहे. रिकामी असेलच असं नाही. मी काहीही करणार नाही. कोणाला तरी बोलवा.’

सर्जन म्हणाले, “बंद पडलं की हो!”

म्हटलं, “पडू दे. पडायलाच हवं.”

त्यांनी पडद्यावरचं वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, “आमच्याकडे शिकाऊ डॉक्टरांना हेच शिकवायला दोन वर्षं लागतात.” केबल लावली, सर्व्हर उठवला, सगळी माहिती जागच्या जागी. नोकरी राहिली. लेखी ताकीद मिळाली, ती मला मान्य आहे. कडी मी घातली नव्हती.

नव्या आवृत्तीत फाइल उघडून बघितली. तिचं नाव आणि खाली माझं. दोघींचं माहेरचंच आडनाव, एकाखाली एक. मला न विचारता घातलंस. मी खुर्ची मागे सारून व्हरांड्यात जाऊन आले. आईला छापून दाखवलं. तिला वाचून काही कळलं नाही. नावांवरून बोट फिरवत म्हणाली, “दोघींनी मिळून केलंय का?” मी हो म्हणाले.

राहू दे ते नाव.

तुला माफ केलेलं नाही. भाजीवालीचं नाही, आणि शाळेचं तर नाहीच. पुढच्या महिन्यात बारा तारखेला तुमच्या शहरात रक्तपेढीवाल्यांची बैठक आहे, मला बोलावलंय. दुपारनंतर मोकळी आहे. तिला विचार, ती दुकानातून किती वाजता घरी येते. ती असेल तेव्हाच येईन, तुझ्याशी एकटीने बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आणि तिला सांग, मला ताई म्हटलं तर चालेल.

चहा घेईन. जेवायला थांबणार नाही.

— ताई